चीनी बागेतला वकील

जॉर्ज मॅकार्टनी काशगरला २८ वर्षे राहिला आणि त्यातली पहिली १८ वर्षे चीन सरकारच्या लेखी तो तिथे नव्हताच. घर होते, नोकरचाकर होते. हिंदुस्थानातून आलेले व्यापारी आपली गाऱ्हाणी घेऊन त्याच्याच दारात बसत. ताओताई, म्हणजे तिथला चिनी सुभेदार, त्याला मेजवानीला बोलावी आणि चार-चार तास जेवू घाली. हुद्दा मात्र नव्हता. गावात दुसरीकडे रशियाचा वाणिज्यदूत कोसॅक शिबंदी, झेंडा आणि तहाचा कागद घेऊन रुबाबात बसलेला, आणि हा इकडे भाड्याच्या बागेतल्या मातीच्या घरात, कोणत्या अधिकाराने बोलायचे याचाच पत्ता नसलेला. तरीही ब्रिटिश साम्राज्याची आशियातली सर्वांत आडबाजूची वकिली त्याने तीन दशके निभावली.

त्यासाठी आधी काशगरची जागा पाहायला हवी, कारण अर्धे राजकारण तिथल्या भूगोलातच ठरून गेलेले होते. ताकलामकानच्या वाळवंटाच्या पश्चिम काठावरचे हे गाव. पश्चिमेला पामीर, उत्तरेला तिएन शान, दक्षिणेला कुनलुन आणि त्यापलीकडे काराकोरम. मालकी चीनची, पण पेकिंगहून काशगरला पोचायला महिनेच्या महिने लागत. हिंदुस्थानातून दोन वाटा. एक लेहवरून काराकोरम खिंडीने यारकंदला, साडेपाच हजार मीटरहून उंच, जिच्या दोन्ही अंगांना मेलेल्या तट्टांचे सांगाडे पडलेले. दुसरी गिलगिट-हुंझावरून, कड्यांना टांगलेल्या पायवाटांची. रशियाच्या हद्दीतले ओश मात्र घोड्यावरून दोन आठवड्यांवर होते, आणि १८९९ मध्ये रशियन रेल्वे आंदिजानपर्यंत आली तेव्हा हे अंतर आणखीच हलके झाले. थोडक्यात, रशिया शेजारी, हिंदुस्थान डोंगराआड आणि खुद्द मालक सर्वांत लांब.

मॅकार्टनी येण्याआधी हा मालकही एकदा बदलून झाला होता. १८६५ च्या सुमारास याकूब बेग नावाच्या कोकंदी सरदाराने काशगर घेतले आणि बारा वर्षे स्वतंत्रपणे राज्य केले. इंग्रजांनी १८७३ मध्ये डग्लस फोर्सिथबरोबर त्याच्याकडे मोठा लवाजमा पाठवला आणि व्यापाराचा तहही केला. १८७७ मध्ये याकूब बेग मेला, चिनी सेनापती त्सो त्सुंग-तांग याने सगळा मुलूख परत जिंकला आणि इंग्रजांच्या हाती तहाचा निकामी कागद उरला. वर चिन्यांच्या मनात एक अढीही बसली : हे लोक आपल्या बंडखोराशी तह करणारे. रशियाने त्याच काळात इली खोरे बळकावले होते. १८८१ च्या सेंट पीटर्सबर्गच्या तहाने त्याने त्यातले बरेचसे परत केले आणि त्या व्यवहारात आपले वाणिज्यदूत बसवण्याचे हक्क पक्के करून घेतले. त्याच तहाच्या आधारे १८८२ मध्ये निकोलाय पेत्रोव्स्की काशगरात आला.

पेत्रोव्स्कीवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. विद्वान, चौफेर वाचन असलेला, जुन्या हस्तलिखितांचा दर्दी, यंत्रांचा शौकीन. आणि तितकाच उद्धट. ताओताईला तो धाक घाली, धमक्या देई, आणि ताओताई ऐकून घेई, कारण ओशच्या बाजूने कोसॅक यायला किती दिवस लागतील हे त्यालाही ठाऊक होते. चिनी अधिकारी त्याला नवा चंगीझखान म्हणत. गावात कोण आले, कोण गेले, बाजारात काय बोलले गेले, सगळे त्याच्या कानावर. स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन त्याच्याकडे पाहुणा राहिला होता आणि यजमानाच्या ज्ञानाने भारावून गेला होता. इंग्रजांचा अनुभव अर्थातच वेगळा.

१८९० चा हिवाळा सुरू होण्याच्या बेताला फ्रान्सिस यंगहजबंड नावाचा तरुण कप्तान काशगरला पोचला. पामीरमध्ये रशिया, अफगाणिस्तान आणि चीन यांच्या हद्दींच्या मधे एक बेवारस पट्टा उरला होता. चीनने आपली हद्द अफगाणांच्या हद्दीला नेऊन भिडवावी, म्हणजे रशियाला आत शिरायला फटच राहणार नाही, अशी कलकत्त्याची योजना. चिन्यांना हे पटवायचे काम यंगहजबंडचे. बरोबर दुभाषा म्हणून २३-२४ वर्षांचा मॅकार्टनी. गावाच्या तटाबाहेर, तुमान नदीवरच्या उंच कड्याशी असलेली चीनी बाग त्यांना राहायला मिळाली.

दुभाषा म्हणून याच मुलाची निवड का झाली, याची गोष्ट चीनमध्येच सुरू होते. बाप हॅलिडे मॅकार्टनी, स्कॉटिश, लष्करातला डॉक्टर. ताइपिंग बंडाच्या धामधुमीत त्याने ब्रिटिश नोकरी सोडली आणि चिनी मुत्सद्दी ली हुंग-चांगची चाकरी धरली. नानकिंगचा शस्त्रांचा कारखाना त्याने उभा केला. तिथेच १८६७ मध्ये जॉर्ज जन्मला. आई चिनी. ताइपिंगांच्या एका शरण आलेल्या आणि मग मारल्या गेलेल्या सरदाराच्या नात्यातली ती होती, असे सांगितले जाते. पुढे हॅलिडे लंडनच्या चिनी वकिलातीत सचिव झाला, ‘सर’ही झाला. १८९६ मध्ये चिनी क्रांतिकारक सुन यत-सेनला त्या वकिलातीत कोंडून ठेवण्याच्या प्रसिद्ध प्रकरणात हाच हॅलिडे पुढे होता. मुलाचे शिक्षण इंग्लंडात डलिचला आणि नंतर फ्रान्समध्ये झाले. चिनी भाषा मात्र त्याला घरातून मिळाली होती, आणि भाषेबरोबर चिनी अदबही : कुठे थांबायचे, पेला कधी उचलायचा, नकार द्यायचा असेल तर होकाराचे किती शब्द आधी खर्चायचे.

आईविषयी मॅकार्टनी आयुष्यभर बोलला नाही. त्या काळचे अँग्लो-इंडियन जग डोळ्यांसमोर आणले तर कारण वेगळे शोधावे लागत नाही. ज्या रक्तामुळे तो साम्राज्याच्या उपयोगाचा होता, तेच त्याच्या बढतीच्या आड येत होते. त्याच्यापेक्षा कमी काम केलेली माणसे भराभर वर चढली आणि हा आपल्या जागीच राहिला. सरकारी कागदांत याचे कारण कोणी लिहून ठेवत नसते. ते गृहीतच असते.

पहिल्या हिवाळ्यात यंगहजबंड आणि पेत्रोव्स्की यांच्यात गप्पागोष्टी झाल्या, जेवणे झाली. पेत्रोव्स्कीने सगळे सांगितले, एक सोडून. १८९१ च्या उन्हाळ्यात कर्नल योनोव्ह कोसॅक घेऊन पामीरमध्ये उतरणार आहे, हे त्याने कळू दिले नाही. जुलैत यंगहजबंड परतीला निघाला आणि ऑगस्टमध्ये बोझाई गुंबझला योनोव्हशी त्याची गाठ पडली. दोघे गोडीने एकत्र जेवले. तीन-चार दिवसांनी योनोव्ह परत आला आणि ही रशियाची भूमी आहे, तेव्हा इथून निघावे, असे त्याने कळवले. लंडनमध्ये आकांत झाला, निषेधाचे खलिते गेले, रशियाने दिलगिरी व्यक्त केली. पण पामीर काही कोणी रिकामे केले नाही. पुढच्या वर्षी सोमाताशला त्याच योनोव्हने अफगाण ठाणेदाराला त्याच्या माणसांसकट गारद केले. इंग्रजांनीही १८९१ च्या डिसेंबरात हुंझा-नगरवर स्वारी करून गिलगिटकडची खिंड आपल्या ताब्यात घेतली. हुंझाचा मीर सफदर अली पळून चीनच्या हद्दीत गेला.

मॅकार्टनी या सगळ्या काळात काशगरला एकटा. यंगहजबंड गेल्यावर त्याला ‘तूर्त’ ठेवले होते. हा ‘तूर्त’ १९१८ ला संपला.

इंग्रज-रशियन चढाओढीला दिलेल्या ‘ग्रेट गेम’ या शब्दांनी वाचकाची थोडी फसगत केली आहे. किपलिंगच्या ‘किम’ने त्या शब्दांना जी झळाळी दिली तिच्यामुळे आपल्याला वाटते की तिथे रोज वेषांतरे आणि पाठलाग चालत असतील. काशगरचे प्रत्यक्ष दैनंदिन काम हिंगणे दफ्तर चाळलेल्या मराठी वाचकाला जास्त लवकर कळेल. दिल्लीला बसलेल्या पेशव्यांच्या वकिलाने काय करायचे? कोण कोणाला भेटले ते कळवायचे, रोकड कुठून उभी राहील ते पाहायचे, अपमान गिळायचे, मानपानाच्या प्रश्नावर मात्र अडून बसायचे आणि धन्याचे उत्तर येईपर्यंत वेळ काढायचा. मॅकार्टनीचे तेच. त्याचे बातमीपत्र डाकवाल्यांच्या पाठीवरून हुंझामार्गे गिलगिटला आणि तिथून श्रीनगरच्या रेसिडेंटकडे जाई. १८९३ पासून त्याचे अधिकृत पद होते ‘काश्मीरच्या रेसिडेंटचा चिनी कामकाजासाठीचा खास मदतनीस’. हे पद श्रीनगरच्या कचेरीत ठीक. काशगरच्या ताओताईपुढे ते मांडणे अशक्यच.

चीन त्याला मान्यता का देत नव्हता? पेत्रोव्स्कीचा दबाव हे एक कारण झाले. पण चिन्यांचा स्वतःचा हिशेबही होता, आणि तो मला अगदी रास्त वाटतो. एक वाणिज्यदूत आला की त्याच्यामागून त्याच्या प्रजाजनांवर खटले चालवण्याचा हक्क येतो, शिबंदी येते, झेंडा येतो. एकाने इतका छळ मांडला आहे, दुसरा कशाला ओढवून घ्या? मॅकार्टनीला ते अडवत नव्हते, हाकलत नव्हते. ओळखत मात्र नव्हते. त्याचा उपयोग होता : पेत्रोव्स्की फारच डोक्यावर बसला तर याच्याकडे बोट दाखवता येई.

त्याच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग गुलामांचा होता, आणि ग्रेट गेमच्या पुस्तकांत नेमका तोच ओळी-दोन ओळींत उरकला जातो. हुंझाच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या काफिले लुटत आणि माणसे पळवून यारकंदकडे विकत. काश्मीर, गिलगिट, बाल्टिस्तान, चित्रालकडची ही माणसे आणि तिथेच जन्मलेली त्यांची मुले शेता-घरांतून राबत होती. मॅकार्टनीने यादी करायला घेतली, मालकांशी बोलणी केली, ताओताईच्या मागे लागला. काहींची सुटका पैसे भरून, काहींची नुसत्या चिवटपणावर. लष्कर नसलेल्या, हुद्दा नसलेल्या माणसाने हे केले. चिनी अधिकाऱ्यांना गुलामगिरीचे प्रेम नव्हते, पण जमीनदारांना दुखवायचीही इच्छा नव्हती. त्यांना मान खाली न घालता हो म्हणता येईल अशी वाट त्याने दरवेळी काढून दिली. यात त्याची चिनी अदब कामाला आली.

दुसरे काम तितकेसे सुखाचे नव्हते. सिंधमधल्या शिकारपूरचे सावकार तेव्हा मध्य आशियाभर पसरले होते, तसे यारकंद-काशगरलाही. व्याज गळेकापू. कर्जात बुडालेला शेतकरी वसुलीला कंटाळून दंग्यावर येई आणि सावकार आपण ब्रिटिश प्रजा असल्याचे सांगत चीनी बागेत धावे. म्हणजे एका बाजूला गुलाम सोडवायचे, दुसऱ्या बाजूला नवे वेठबिगार तयार करणाऱ्यांची वकिली करायची. मॅकार्टनीला हे सावकार नकोसे होते, हे तो लपवतही नसे. पण प्रजा म्हटल्यावर संरक्षण आलेच.

आता जरा हस्तलिखितांकडे वळू. आडवाट आहे, पण मजेची आहे. १८८८ मध्ये अँड्र्यू डॅलग्लीश नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचा काराकोरम खिंडीजवळ खून झाला. खुन्याच्या मागावर निघालेल्या हॅमिल्टन बॉवर या अधिकाऱ्याला १८९० मध्ये कुचा येथे भूर्जपत्रांची एक पोथी विकत मिळाली. ती कलकत्त्याला संस्कृत पंडित रुडॉल्फ होर्नलेच्या हाती गेली तेव्हा कळले की ही संस्कृत आहे, गुप्तकालीन ब्राह्मी लिपीत आहे आणि दीड हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे. तिच्यात वैद्यक होते. सुरुवातीलाच लसणाचे गुण सांगितलेले. वाळवंटाच्या कोरड्या हवेने जे राखले ते हिंदुस्थानच्या पावसापाण्यात कधीच गेले असते. मग दोन्ही वकिलातींना पोथ्यांचे वेड लागले. पेत्रोव्स्कीचा संग्रह पीटर्सबर्गला गेला. सद्धर्मपुंडरीकाची ‘काशगर प्रत’ म्हणून विद्वान जिचा उल्लेख करतात ती त्याच्याकडचीच. मॅकार्टनी आपल्याकडचे होर्नलेला पाठवू लागला.

मागणी इतकी वाढल्यावर पुरवठा थोडाच थांबणार? खोतानच्या इस्लाम आखुन नावाच्या गृहस्थाच्या लक्षात आले की वाळूत महिनोन्‌महिने खणण्यापेक्षा पोथी घरीच तयार करणे सोपे. आधी खऱ्या अक्षरांची नक्कल, मग ती मेहनत कशाला म्हणून मनाला येतील ती अक्षरे, आणि शेवटी लाकडी ठशांनी धडाधड छपाई. कागद पिवळा करायचा, धुरावर धरायचा, पानांत वाळू भुरभुरायची. धंद्याची वाटणीही झालेली : इस्लाम आखुन इंग्रजांना पुरवी आणि त्याचा जोडीदार इब्राहिम मुल्ला रशियनांना. इकडे होर्नले त्या ‘अज्ञात लिप्या’ उलगडत बसला आणि १८९९ मध्ये त्याने त्यांच्यावर अहवालही छापला. बेकलुंड नावाच्या स्वीडिश मिशनऱ्याला संशय आला होता. पण निकाल लागला तो १९०१ मध्ये, पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने खोतानला इस्लाम आखुनला समोर बसवून सगळे वदवून घेतले तेव्हा. दोन साम्राज्यांच्या ईर्ष्येचा निर्भेळ फायदा झालेली ही बहुधा एकमेव जोडी.

स्टाइनच्या १९०० आणि १९०६ च्या मोहिमा चीनी बागेतूनच सज्ज झाल्या. दुसऱ्या वेळी मॅकार्टनीने त्याला च्यांग नावाचा एक चिनी चिटणीस मिळवून दिला. तुनहुआंगच्या गुहेतल्या ताओपंथी पुजाऱ्याशी बोलणी करून हजारो गुंडाळ्या स्टाइनच्या पदरात पडल्या त्या या च्यांगच्या जिभेवर. चिनी लोक आजही त्याला लूट म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे.

आता नकाशाची गोष्ट. वरकरणी किरकोळ दिसणारी, पण आपल्या दृष्टीने सगळ्यांत वजनदार. १८९६ मध्ये मॅकार्टनीने ताओताईला जॉन्स्टनचा इंग्रजी नकाशासंग्रह भेट दिला. त्यात अक्साई चीन ब्रिटिश हद्दीत दाखवलेला होता. ताओताईने तो रशियनांना दाखवला, रशियनांनी त्याचे कान भरले, आणि लगेच चिन्यांचा निषेध आला की अक्साई चीन आमचा आहे. मॅकार्टनीने वरिष्ठांना प्रामाणिकपणे कळवले की अक्साई चीन हे एका विस्तीर्ण, अनिश्चित पठाराला दिलेले ढोबळ नाव आहे, त्याचा काही भाग चीनचा आणि काही आपला असावा. पुढे त्याच्याच सूचनेवर आधारलेली एक सीमारेषा हिंदुस्थान सरकारने स्वीकारली. १४ मार्च १८९९ रोजी पेकिंगमधले ब्रिटिश वकील सर क्लॉड मॅकडोनाल्ड यांनी ती चीन सरकारपुढे ठेवली. चीनने हुंझावरचा आपला धूसर हक्क सोडावा, बदल्यात हुंझाच्या मीरचे ताघदुंबाश आणि रस्कम खोऱ्यांवरचे बहुतेक दावे सोडू, असा सौदा त्यात होता. तिला पुढे मॅकार्टनी-मॅकडोनाल्ड रेषा म्हणू लागले. त्या रेषेने लिंगझी तांगचे पठार हिंदुस्थानात आणि अक्साई चीनचा मोठा भाग चीनकडे जात होता.

चीनने त्या खलित्याला उत्तर दिले नाही. पेकिंगमध्ये तेव्हा वेगळीच आग लागली होती. वर्षभरात बॉक्सर उठाव झाला आणि तो कागद तसाच राहिला. इंग्रजांनीही पुन्हा आठवण केली नाही. स्वतंत्र भारताने नकाशे काढले ते दुसरी, उत्तरेकडची रेषा धरून. चीनने १९५७ मध्ये अक्साई चीनमधून रस्ता पुरा केला, आणि १९६२ ला काय झाले ते सांगायला नको. त्या १८९९ च्या खलित्याला होकार आला असता तर सगळे टळले असते, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते फार भाबडे वाटते. १९५० नंतरचे चीन-भारत संबंध एका रेषेवर उभे नव्हते. पण दोन्ही बाजूंना हाती धरायला एक सही झालेला कागद असता, एवढे खरे. काशगरच्या वकिलाने तो करून ठेवला होता. सही घ्यायची राहिली.

काशगरात दरम्यान पेत्रोव्स्कीने बोलणेच टाकले. १८९९ च्या अखेरीपासून १९०२ पर्यंत त्याने मॅकार्टनीशी शब्द काढला नाही. जेमतेम पाच-सात युरोपीय माणसांच्या गावात हा बहिष्कार म्हणजे काय असेल! फादर हेन्ड्रिक्स नावाचा एक डच पाद्री १८८५ पासून तिथे होता. फाटका, बहुभाषी, गावभर बातम्या वाटत फिरणारा, सगळ्या खटाटोपातून एकाच माणसाला ख्रिस्ती करू शकलेला. पेत्रोव्स्कीने त्याला राहत्या जागेतून काढायला लावले, तेव्हा मॅकार्टनीने त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. तो १९०६ मध्ये काशगरलाच वारला.

१८९८ मध्ये मॅकार्टनी रजा घेऊन स्कॉटलंडला गेला. कॅथरीन बोरलंड त्याची वाग्दत्त वधू. ती स्वयंपाकघरात केक करत असताना हा अचानक दारात उभा राहिला आणि आठवड्याभरात लग्न करून निघायचे आहे म्हणाला. रजेचे दिवस प्रवासातच संपत आले होते. एकविशीची ही मुलगी रशियाची रेल्वे, मग ओशपासून घोडा, अशी डोंगर ओलांडून चीनी बागेत आली आणि तिने तिथे सुमारे १७ वर्षे संसार केला, मुले वाढवली. १९३१ मध्ये तिने त्या आठवणींचे छोटे पुस्तक लिहिले. नवऱ्याच्या अहवालांतून काशगरचे राजकारण कळते. पण दुपारी चारला उन्हात काय रंग चढे, बायका काय बोलत, भूकंप झाला की काय करत, हे तिच्याकडून कळते. राजकारण तिने जाणूनबुजून बाहेर ठेवले आहे.

पेत्रोव्स्की १९०३ मध्ये आजारी होऊन काशगर सोडून गेला. त्याच्यानंतर आलेल्यांपैकी कोलोकोलोव्ह माणूस म्हणून बरा निघाला. १९०४-०५ मध्ये जपानने रशियाला चीत केले, १९०७ मध्ये लंडन आणि पीटर्सबर्ग यांच्यात करार झाला. त्यात इराण, अफगाणिस्तान, तिबेट यांचे वाटे ठरले. काशगर ज्यात येते त्या सिनक्यांग प्रांताचा शब्दही नव्हता. पण हवा निवळली, आणि १९०८ मध्ये अखेर चीनने मॅकार्टनीला वाणिज्यदूत म्हणून मान्य केले. तोपर्यंत त्याची चाळिशी उलटली होती. पुढे महावाणिज्यदूत, १९१३ मध्ये ‘सर’. मान मिळाला तो मिळवून देण्याजोगी स्पर्धाच संपत आल्यावर.

१९११-१२ ची क्रांती काशगरला उशिरा, पण रक्ताळलेली पोचली. १९१२ च्या मे महिन्यात गुप्त संघटनेच्या लोकांनी ताओताईचा खून केला. महिन्याभरात रशियन फौज शेकडोंच्या संख्येने गावात येऊन बसली आणि वाटले, आता हा मुलूख गेलाच. मॅकार्टनी २० वर्षे हेच भाकीत करत आला होता : रशियाने मनावर घेतले तर काशगर एका दिवसात जाईल. रशियाने मनावर घेतले नाही. प्रांताच्या राजधानीत, उरुमचीत, यांग त्सेंग-शिन नावाच्या जुन्या वळणाच्या, निर्घृण पण हुशार चिनी अधिकाऱ्याने सत्ता धरली आणि १६ वर्षे सोडली नाही.

मग महायुद्ध आले आणि एकेकाळी एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन वकिलाती एका बाजूला झाल्या. हिंदुस्थानच्या वाचकाला यातला एक धागा माहीत असेल. राजा महेंद्रप्रताप आणि मौलवी बरकतुल्ला यांच्यासह जर्मन मंडळ काबूलला गेले होते आणि १ डिसेंबर १९१५ ला तिथे हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापन झाले. त्या मंडळातला हेंटिग १९१६ मध्ये काबूलहून निघून पामीर ओलांडत यारकंदला पोचला. मॅकार्टनी आणि त्याचा रशियन सहकारी यांनी मिळून चिन्यांच्या मागे लकडा लावला आणि हेंटिगला पूर्वेकडे रवाना करवले.

१९१८ मध्ये तो निवृत्त झाला. घरी जायचा रस्ता पूर्वीप्रमाणे रशियातूनच धरला तर वाटेत ताश्कंद, आणि ताश्कंद बोल्शेविकांच्या हातात. बेली आणि ब्लॅकर हे दोन ब्रिटिश अधिकारी तिथे कामगिरीवर होते. मॅकार्टनी त्यांच्या जोडीला बोलण्यांना बसला, पण हाती काही लागले नाही. पुढे जाणे शक्य नव्हते. तो परत फिरला आणि हिंदुस्थानमार्गे मायदेशी गेला.

त्याने काय मिळवले? हेर म्हणून तो बेताचाच होता, कारण पेत्रोव्स्कीला जे आधी कळे ते याला नंतर कळे. लढवय्या तर नव्हताच. साम्राज्याला काशगर मिळवून द्यायचे तर फौज लागली असती, आणि ती कलकत्त्याने कधीच दिली नाही. त्याची खरी कमाई वेगळी. सुटलेले गुलाम, निकाली निघालेली हजारो भांडणे, आणि तीस वर्षे न झालेली एक लढाई. या गोष्टींना पदके नसतात. यंगहजबंडला मात्र ल्हासा मिळाले, पुस्तके मिळाली, कीर्ती मिळाली. मॅकार्टनी आणि पेत्रोव्स्की ज्या खेळात उतरले त्याचा निकाल बघितला तर डाव दोघांच्याही धन्यांना मिळाला नाही. ज्या चीनला दोन्ही साम्राज्ये तीस वर्षे मरणाला टेकलेला समजत होती, काशगर त्याच्याकडेच राहिले.

निवृत्तीनंतर मॅकार्टनी जर्सी बेटावर राहिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ते बेट व्यापले आणि पाच वर्षे तो तिथे अडकला. ९ मे १९४५ ला बेट मुक्त झाले. १९ मे ला तो वारला.

चीनी बागेतला शेवटचा ब्रिटिश महावाणिज्यदूत म्हणजे गिर्यारोहक एरिक शिप्टन. तो १९४८ मध्ये तिथून निघाला. त्यानंतर काशगरला स्वतंत्र भारताचा प्रतिनिधी म्हणून कॅप्टन राम दत्तात्रेय साठे यांची नेमणूक झाली. चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यावर ती वकिलात बंद पडली. साठे पुढे चीनमध्ये राजदूत आणि १९७९ ते १९८२ या काळात भारताचे परराष्ट्र सचिव होते. काशगरला भारताची वकिलात पुन्हा उघडलेली नाही.